हुल्लडबाज आणि दहशतवादाचे संशयित : ब्रिटिश पोलिसांची मापे दोन की एकच?

कोरा कागद (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयितावर खटल्याविना निर्बंध घालायचे म्हटले की मोठे रण माजते. आरोप न ठेवता परदेशी नागरिकांना बेमुदत तुरुंगात ठेवण्याची तरतूद 2001 च्या कायद्याने केली. डिसेंबर 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी ती मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. पुढच्याच वर्षी आरोपपत्राविना 90 दिवसांच्या कोठडीचा ब्लेअर सरकारचा प्रस्ताव कॉमन्समध्ये 322 विरुद्ध 291 मतांनी पडला. हे सारे योग्यच झाले.

आता फुटबॉलकडे पाहू. जून 2000 मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी ब्रुसेल्स आणि शार्लरुआ येथे इंग्लंडच्या समर्थकांनी धिंगाणा घातला आणि नऊशेहून अधिक जण पकडले गेले. स्पर्धा संपून महिना उलटायच्या आत, जुलैअखेरीस, नवा कायदा संमतही झाला. ज्या माणसावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याच्याविरुद्ध पोलिसांनी मॅजिस्ट्रेटकडे निव्वळ दिवाणी तक्रार करावी आणि त्याच्यावर बंदी-आदेश, म्हणजे सामन्यांना जाण्यास मनाई, मिळवावा, अशी सोय या कायद्याने झाली. आज अशा आदेशाची मुदत तीन ते पाच वर्षांची असते. इंग्लंडचा संघ परदेशी खेळणार असेल तर पाच दिवस आधीपासून, आणि मोठी स्पर्धा असेल तर दहा दिवस आधीपासून, पारपत्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. शिवाय सामन्याच्या काळात विमानतळावर किंवा बंदरावर एखाद्याला चार तास, आणि इन्स्पेक्टरच्या परवानगीने सहा तास अडकवून ठेवून, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर राहण्याची नोटीस त्याच्या हाती ठेवता येते.

माझे म्हणणे असे की खटल्याविना निर्बंध घालण्याची सवय ब्रिटिश राज्यसंस्थेने आधी हुल्लडबाजांवर लावून घेतली, कारण त्यांची कणव कोणालाच नव्हती. संशयितांसाठी 2005 मध्ये जे नियंत्रण-आदेश, म्हणजे खटल्याविना हालचालींवर निर्बंध घालणारे आदेश, आले, ते याच मुशीतून निघालेले आहेत. एकाविरुद्ध आपण लढलो, दुसऱ्याकडे मात्र काणाडोळा केला.

विषमभुज

धागाकर्त्यांनी दोन आदेश शेजारी ठेवले आहेत खरे, पण त्यांचे वजन केलेले नाही.

बंदी-आदेश मोडला तर जास्तीत जास्त सहा महिने कैद होते. नियंत्रण-आदेश मोडला तर पाच वर्षे होत असे. बंदी-आदेशाखालचा माणूस नोकरीला जातो, मित्रांना भेटतो, दूरध्वनी वापरतो. त्याला फक्त सामन्याला, आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या किंवा स्थानकाच्या आसपास, फिरकायचे नसते. नियंत्रण-आदेशाखालच्या काही जणांना दिवसातले 18 तास एका लहानशा सदनिकेत काढावे लागत, भेटायला येणाऱ्याची आधी गृहखात्याकडून मंजुरी घ्यावी लागे आणि पायात इलेक्ट्रॉनिक कडे असे. ही स्थानबद्धताच आहे, असे लॉर्ड्सनी 2007 मध्ये ठरवले. एकाला मैदानाचे फाटक बंद होते, दुसऱ्याला घराचे.

त्याहून महत्त्वाचा फरक पुराव्याचा आहे. डर्बी काउंटीच्या दोन समर्थकांनी बंदी-आदेशाला आव्हान दिले, तेव्हा अपील न्यायालयाने 2002 मध्ये आदेश कायम ठेवला. मात्र कार्यवाही दिवाणी असली तरी पुराव्याची कसोटी जवळजवळ फौजदारी खटल्याइतकीच कडक असली पाहिजे, असेही बजावले. पोलिसांनी केलेले चित्रण आणि नोंदी त्या माणसाच्या वकिलाला पाहता येतात, खोडताही येतात. नियंत्रण-आदेशाला मात्र वाजवी संशय पुरेसा होता आणि त्या संशयाचे कारण खुद्द संशयितालाच सांगितले जात नसे. त्याच्या वतीने नेमलेला विशेष वकील गोपनीय कागद वाची. पण एकदा ते वाचल्यावर न्यायालयाच्या अनुमतीशिवाय त्याला आपल्या अशिलाशी बोलता येत नसे. अशिलाशी न बोलणारा वकील ही काय चीज आहे, हे ज्याने अनुभवले असेल तोच जाणे.

तळटीप

मला मुळात तुलनाच पटत नाही, पण विषमभुज यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने. मे 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या समर्थकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि 39 माणसे मेली. त्यापायी इंग्लंडचे क्लब पाच वर्षे युरोपाबाहेर राहिले. ज्यांना हुल्लडबाजी म्हणजे चार बाटल्या फोडणे वाटते, त्यांनी हा आकडा विसरू नये. आणि उपाय लागू पडला, हेही नोंदवावे. जर्मनीत 2006 ची विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा तीन हजारांहून अधिक लोकांवर बंदी-आदेश होते. आधीच्या स्पर्धांच्या मानाने ती कितीतरी शांततेत पार पडली. कायदा कठोर आहे आणि तो चालतो. संशयितांविरुद्धच्या कायद्यांविषयी इतक्या ठामपणे असे म्हणता येईल का, याची मला शंका आहे.

साक्षेपी

धागाकर्त्यांचा कालक्रम उलटा आहे, एवढेच निदर्शनास आणतो. बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये 21 नोव्हेंबर 1974 रोजी बाँबस्फोट होऊन 21 माणसे मेली आणि आठच दिवसांत दहशतवादविरोधी तात्पुरता कायदा संमत झाला. (हा 'तात्पुरता' कायदा पुन:पुन्हा नवा होत पाव शतक टिकला.) त्या कायद्याने गृहमंत्र्यांना प्रवेशबंदीचा आदेश काढण्याचा अधिकार दिला, खटला न चालवता ब्रिटिश नागरिकालाही ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला पाठवून देता येई. फुटबॉलसाठी मैदानबंदीचा आदेश आला तो 1986 च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात, म्हणजे बारा वर्षांनी, आणि तोही गुन्हा सिद्ध झाल्यावरच न्यायालयाने द्यायचा होता. दोन्हीकडे इंग्रजी शब्द एकच आहे, 'एक्स्क्लूजन ऑर्डर'. तेव्हा सवय हुल्लडबाजांवर लागली आणि मग संशयितांकडे गेली, असे नव्हे. ती आयरिश लोकांवर आधीच लागलेली होती.

गॅलरीतला

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे राहतो आणि दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबच्या मागे गावोगाव हिंडतो. वर उल्लेखिलेल्या दोन्ही प्रकारच्या बंदोबस्तातून मी स्वतः गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या आणि शेजारच्या गावाच्या क्लबमधील सामना पोलिसांनी जोखमीचा ठरवला होता. अशा वेळी पाहुण्या समर्थकांनी स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने यायचेच नाही, असा नियम असतो. नेमलेल्या ठिकाणाहून नेमलेल्या बसमध्ये बसायचे. हाती तिकीट नाही, केवळ एक पावती. महामार्गावरच्या थांब्यावर ती देऊन खरे तिकीट घ्यायचे. बस थेट फाटकाशी लागते. उतरताच एक पोलीस खांद्यावर कॅमेरा घेऊन प्रत्येकाच्या चेहऱ्यासमोर दोन-दोन सेकंद थांबतो. माझ्या पुढे एक सत्तरीचे गृहस्थ नातवाला घेऊन होते. त्यांनी टोपी काढून हसून कॅमेऱ्यात पाहिले. सामना संपल्यावर आम्हाला पाऊण तास स्टँडमध्येच बसवून ठेवले आणि मग घोडेस्वारांच्या दोन रांगांमधून बसपर्यंत नेले. कोणी उद्धटपणे बोलले नाही, पण आमच्यातल्या कोणावर संशय आहे हे कोणी सांगितलेही नाही. आम्ही सगळेच एक 'धोका' होतो.

दुसरा प्रसंग विमानतळावरचा. परदेशातून परतताना पारपत्र तपासून झाल्यावर दोन साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. 2000 च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली त्यांना कोणाचीही चौकशी करता येते. संशयाची गरज नाही आणि प्रश्नाला उत्तर न देणे हाच गुन्हा आहे. हे त्यांनी मला एका छापील कागदावरून वाचून दाखवले. खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि पाण्याचा कागदी पेला होता. कोणाकडे गेला होतात, नमाज पढता का, भाऊ काय करतो, असे प्रश्न दोन तास चालले. मी मुसलमान नाही, हे सांगितल्यावर प्रश्न थोडे सौम्य झाले, आणि त्याचीच मला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

फरक विचाराल तर हा : मैदानावर मी घोळक्यातला एक होतो, त्यामुळे अपमान चारशे जणांत वाटला गेला आणि बसमध्ये त्याचे विनोद झाले. खोलीत मी एकटा होतो, आणि त्या दोन तासांविषयी मी बायकोशिवाय कोणाशीही बोललो नाही.

कोरा कागद

साक्षेपी यांची दुरुस्ती मला मान्य आहे. 1974 चा कायदा माझ्या नजरेतून सुटला, ही चूक माझीच. तरीही एक भाग मी सोडत नाही. 1974 चा आदेश मंत्र्याने काढायचा होता आणि त्याला राजकीय किंमत होती. पोलिसांनी अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटने दिवाणी आदेश द्यायचा आणि तो मोडला की मग फौजदारी शिक्षा, ही यंत्रणा मात्र 2000 पर्यंत फुटबॉलवर चांगली वंगण घालून तयार झाली होती.

गॅलरीतला यांच्या अनुभवावरून एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली. घोळक्याला धोका समजणे हे पोलिसांच्या अंगी मुरले की काय होते, ते 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिसले. पिंजऱ्यासारख्या कुंपणामागे चिरडून माणसे मरत होती आणि बराच वेळ पोलीस ते मैदानावरचे आक्रमण समजत होते. मृतांचा आकडा आज 97 आहे. त्यानंतर पोलिसांच्या 164 जबान्यांमध्ये फेरफार झाल्याचे स्वतंत्र समितीने 2012 मध्ये उघड केले. त्यांपैकी 116 जबान्यांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढलेला होता. 22 जुलै 2005 रोजी स्टॉकवेल स्थानकात जाँ शार्ल द मेनेझेस या निरपराध ब्राझिलियन तरुणाला संशयित समजून गोळ्या घातल्या, तेव्हाही तो संशयास्पद वागल्याची चुकीची माहिती आधी पसरली. दोन्ही ठिकाणी आधी माणूस मेला आणि नंतर त्याची बदनामी झाली. तुलना करायचीच तर या जागी करावी.

तळटीप

हिल्सबरोचा मुद्दा मानतो. पण ती चूक बंदी-आदेशाची नव्हती. उलट सगळ्या घोळक्याला पिंजऱ्यात घालण्याऐवजी नेमके उपद्रवी लोक वेचून काढावेत, हाच तर बंदी-आदेशामागचा विचार आहे. आपल्याला दोन्ही नको आहे, हे कसे जमणार?

विषमभुज

तळटीप यांच्या या प्रश्नात बरेच काही आहे. घोळका न दुखावता बंदोबस्त ठेवण्याची पद्धत फुटबॉलमध्ये सापडलेली आहे. पोर्तुगालमध्ये 2004 च्या स्पर्धेत शहरी पोलिसांनी शिरस्त्राणे बाजूला ठेवली, समर्थकांशी गप्पा मारणारे अधिकारी पुढे केले आणि दंगल-पथके गल्लीआड उभी केली. क्लिफर्ड स्टॉट हे मानसशास्त्रज्ञ या नियोजनाशी जोडलेले होते. गर्दी मुळात हिंसक नसते, तिला एकसारखे झोडपले की ती एक होते, हा त्यांचा सिद्धांत. ज्या शहरांत हे झाले तेथे इंग्लंडच्या समर्थकांनी मोठी दंगल केली नाही. ज्या अल्गार्व्हे किनाऱ्यावर दुसऱ्या, निमलष्करी दलाचा बंदोबस्त होता, तेथे मारामाऱ्या झाल्या.

दहशतवादाच्या बाबतीत उलटेच झाले. संशयाविना कोणालाही थांबवून झडती घेण्याचा अधिकार लंडनमध्ये सरसकट वापरला गेला. 2009-10 या वर्षात अशा एक लाखाहून अधिक झडत्या झाल्या आणि त्यातून दहशतवादाच्या गुन्ह्याखाली एकालाही अटक झाली नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये तो अधिकार बेकायदा ठरवला. नियंत्रण-आदेश तर सहा वर्षांत एकूण 52 जणांवरच निघाले. म्हणजे संशयितांवर कठोर आदेश मोजके आणि झडत्या घाऊक, असा हा व्यवहार होता. तो वेचून काढण्याचा मार्ग म्हणता येणार नाही.

धागाकर्त्यांना एकच विचारतो : आपल्या मते फुटबॉलच्या कायद्यात नेमके काय काढावे?

कोरा कागद

गुन्हा सिद्ध न होता आदेश देण्याची तरतूद काढावी. बाकीचे राहू द्यावे.

विषमभुज

मग शार्लरुआच्या चौकात खुर्च्या भिरकावणाऱ्या इंग्रज माणसाचे काय? त्याला बेल्जियमच्या पोलिसांनी विमानात बसवून घरी पाठवले. तेथे खटला चालला नाही, आणि परदेशी रस्त्यावरच्या दंग्याबद्दल इंग्लंडमध्ये खटला भरण्याची सर्वसाधारण सोय नाही. चित्रफितीत त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो आहे. पुढच्या स्पर्धेला त्याने पुन्हा जावे काय? परदेशात घडलेली हिंसाही विचारात घ्यावी, असे 2000 च्या कायद्यात मुद्दाम लिहिले ते याच माणसासाठी.

साक्षेपी

याचे उत्तर दहशतवादाच्या कायद्यातच आहे. परदेशात केलेल्या बऱ्याच दहशतवादी कृत्यांसाठी ब्रिटनमध्ये खटला चालवण्याची तरतूद संसदेने 2000 मध्ये केली आणि 2006 मध्ये ती आणखी वाढवली. फुटबॉलसाठी तसे का केले नाही? चित्रफीत आहे, चेहरा आहे, साक्षीदार पोलीस आहेत. मग माणसाला आरोपपत्र द्या, ज्युरी हवी तर ज्युरी द्या आणि दोषी ठरल्यावर दहा वर्षे मैदान बंद करा. दिवाणी तक्रार स्वस्त पडते आणि लवकर उरकते, याखेरीज दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

गॅलरीतला

खर्चाचे कारण पुरेसे आहे असे गृहखात्याला वाटत असावे. आमच्या क्लबच्या एका माणसावर असा आदेश होता. पाच वर्षे तो शनिवारी दुपारी तीन वाजता घरी बसून रेडिओ ऐके आणि मोठ्या स्पर्धेच्या आधी पारपत्र घेऊन ठाण्यात जाई. खटला चालला असता तर आपण सुटलो असतो, असे तो प्रत्येकाला सांगतो. तो खरे बोलतो की खोटे, हे कळायला आता मार्ग नाही.