सल्ला हवा : मुलांच्या हातात मोबाइल नाही, तरी अख्ख्या वर्गाकडून उत्तर कसं काढायचं?

खडूडस्टर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. पटावर ५२ मुलं, ३५ मिनिटांचा तास, भिंतीवर एक स्मार्ट टीव्ही (लाइट असेल तेव्हा). मागच्या प्रशिक्षणात ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार), विद्यार्थिकेंद्री अध्यापन सगळं ऐकून झालं, कहूट हा मोबाइलवर उत्तरं द्यायचा प्रश्नमंजुषेचा खेळही खेळलो. मजा आली, कारण हॉलमध्ये प्रत्येक शिक्षकाच्या हातात मोबाइल होता! माझ्या वर्गात "समजलं का?" विचारलं की "होऽऽ" आणि चाचणीत निम्मे पेपर कोरे. बोलणारी तीच ती पहिल्या बाकावरची चार डोकी. पोर्शन न अडकता जमेल असं काही सुचवा. ॲपची यादी नको, वापरलेलं सांगा.

सातवी_ब
प्लिकर्स हे ॲप बघा, मॅडम. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी. कडेला बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटलं तर बी वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. नेट लागलंच तर तुमच्या मोबाइलला, मुलांना काही नको. साइटवर ४० आणि ६३ कार्डांचे संच फुकट मिळतात, तुम्हाला ६३चा घ्यावा लागेल. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेरा वाचत नाही. बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच बजावा.

जुना_मास्तर
एवढ्यासाठी मोबाइल कशाला? पाटी! "एक, दोन, तीन, पाटी वर" म्हटलं की अख्खा वर्ग एका नजरेत. आमची अर्धी नोकरी यावरच झाली.

सातवी_ब
सर, पाटी उत्तमच. पण ५२ पाट्यांवरचं कोणाचं काय चुकलं ते संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही. प्लिकर्समध्ये नोंद राहते.

दशांशचिन्ह
पाटी घ्या नाहीतर कार्ड, खरी मेहनत प्रश्न काढण्यात आहे. दशांश अपूर्णांकाचंच घ्या. "०.५, ०.४५, ०.३७५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?" बरीच मुलं ०.३७५ म्हणतात, कारण ती दशांशचिन्हापुढचं ३७५ असं सलग वाचतात. म्हणजे चुकीचा पर्यायही काहीतरी सांगतो. आता गंमत बघा. "जितके आकडे कमी तितकी संख्या मोठी" असा उलटा समज असलेलं मूल इथे ०.५ म्हणून बरोबर ठरतं! म्हणून लगेच दुसरा प्रश्न टाकायचा : ०.३ मोठी की ०.४७? तिथे ते सापडतं. एका प्रश्नावर "वर्गाला आलं" म्हणून पुढे गेलात की फसलात.

उत्तरं आल्यावर काय करायचं, त्याची एक पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात रुळवली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर बरोबर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याला पटवून द्यायला लावायचं आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. ३०च्या खाली असेल तर पुन्हा शिकवा, ७०च्या वर असेल तर थोडक्यात सांगून पुढे चला. पोर्शनही अडकत नाही, कारण जे येतंय त्यावर वेळ जात नाही.

रेंजनाही
टीव्हीसाठी फेट. कोलोरॅडो विद्यापीठाची फुकट सिम्युलेशनं (पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग) आहेत, बरीचशी मराठीतही. शाळेत नेट नसेल तर घरून फाइल उतरवून न्या, ब्राउझरमध्ये उघडते. भूमितीला जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर आकृत्या काढून हलवायचं सॉफ्टवेअर. मात्र माऊस आपल्या हातात ठेवू नका. एकाला पुढे बोलवा आणि बाकीच्यांना "आता काय होईल?" ते आधी वहीत लिहायला लावा. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतातच, पण व्हिडिओ लावून आपण हजेरीपट भरत बसलो तर त्याला कोणी विद्यार्थिकेंद्री म्हणू नये 😀

खडूडस्टर
सगळ्यांचे आभार. दशांशाचे दोन्ही प्रश्न सोमवारी आधी पाटीवरच घेते. शंका एकच : "शेजाऱ्याला पटवून दे" म्हटलं की ५२ मुलांचा बाजार भरतो, शेजारच्या वर्गातले सर दारात येतात. त्याचं काय?

दशांशचिन्ह
गट करूच नका, बाकावरची जोडी पुरे. फार तर पुढच्या बाकाने मागे वळायचं. वेळ दीड-दोन मिनिटं. आणि "चर्चा करा" असं मोघम सांगू नका. "तुझ्या जोडीदाराने हेच उत्तर का निवडलं ते मी तुला विचारणार" असं सांगा. मग ऐकावं लागतं, आवाज आपोआप खाली येतो. शेजारच्या सरांना एकदा तास बघायला बोलवा.

खडूडस्टर
हे करून बघते. आणि कार्डं रंगीत काढावी लागतील का? शाळेच्या प्रिंटरची शाई म्हणजे हेडमास्तरांचा जीव.

सातवी_ब
काळी-पांढरीच असतात. एका ए-फोर पानावर दोन कार्डं येतात, म्हणजे तुमच्या वर्गाला २६ पानं. जरा जाड कागद घ्या.