बार्सिलोना ते सेव्हिल, मध्ये एक रात्र कुठं काढावी?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. मेच्या पहिल्या आठवड्यात स्पेनला जाऊलोय, मी, बायको आणि आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). बहीण बार्सिलोनाला नोकरीला आहे, तिच्याकडं चार दिवस, मग रेल्वेनं सेव्हिल आणि तिथनंच परतीचं विमान. थेट गाडी आहे, साडेपाच तासांच्या आसपास लागतात, पण एवढ्या लांब जाऊन नुसतं खिडकीतनं बघत सुटायचं जिवावर येतंय, म्हणून मध्ये एखाद्या जुन्या गावात दुपारी उतरायचं, रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी जेवून पुढची गाडी धरायची असं डोक्यात आहे. यादीत टोलेडो, कोर्दोबा, झारागोझा, आणि बहिणीनं सेगोव्हिया पण घुसडलंय. आईचं एकच म्हणणं, सगळीकडं चर्चच दाखवणार असशील तर मी हॉटेलात बसते. बॅगा दोन मोठ्या. त्यातला कुंदा बहिणीकडं उतरणार, पण ती जागा बायको भरणार हे सांगायला नको. आणि एकच तिकीट काढून मध्ये उतरता येतंय काय, आपल्याकडं ब्रेक जर्नी असतंय तसं?

खानापूरचा भटक्या

शेवटचं आधी सांगतो. ब्रेक जर्नी विसरा. तिथं तिकीट त्या गाडीचं, त्या वेळेचं, त्या सीटचं असतंय, उतरलात की संपलं. दोन वेगळी तिकिटं काढायची आणि लवकर काढायची, कारण विमानासारखे दर वर चढत जातात. माद्रिदच्या पुढं-मागं रेन्फे, इर्यो, ऊईगो अशा तीन कंपन्यांच्या गाड्या पळतात, तिघींचे दर बघा.

आता गावं. नकाशा बघितलात तर अर्धी यादी तिथंच गळतीय. टोलेडो मेन लाइनवर नाही. आपल्या अळणावरहून आंबेवाडीला फांदी गेलीय की नाही, तसं माद्रिदहून टोलेडोला फांदी आहे, अर्ध्या तासाची गाडी, पण जाऊन परत त्याच वाटेनं माद्रिदला यायचं. म्हणजे तुमच्या दोन बॅगा आणि आई, आतोचा स्टेशनात दोनदा गाडी बदलणार. सेगोव्हिया तर माद्रिदच्या उत्तरेला, तुम्हाला जायचंय दक्षिणेला, शिवाय तिथलं फास्ट गाडीचं स्टेशन गावाबाहेर माळावर, पुढं बस नाहीतर टॅक्सी. चुना-बिना न लावता नुसते दगड रचून रोमनांनी बांधलेला पाण्याचा पूल भारी आहे, पण तो पुढच्या ट्रिपला. उरलं झारागोझा आणि कोर्दोबा.

शहापूरची अक्का

टोलेडोला एवढं झटकन उडवू नका हो! आम्ही राहिलो होतो एक रात्र. दिवसा माद्रिदहून माणसांचे लोंढे येतात, संध्याकाळी सातनंतर सगळे परत जातात आणि मग गल्ल्या आपल्याच, खाली तिन्ही बाजूंनी ताहो नदीचा वेढा, वर दिवे. मुक्काम करायचाच तर अशा गावात करावा जे रात्री वेगळं दिसतंय, दिवसा काय सगळीच गावं बरी दिसतात. सांतो तोमेच्या चर्चमध्ये एल ग्रेकोचं ते मोठं चित्र आहे, जमिनीवर उमरावाचं दफन आणि वर स्वर्ग, त्याच्यापुढं मी अर्धा तास उभी होते, नवरा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला.

पण खरं सांगू, आईंच्या गुडघ्यांना नको. गाव टेकडीवर, गल्ल्या दगडी. वर चढायला सरकते जिने केलेत पण ते काठापर्यंतच, आतला चढ-उतार आपल्यालाच करायचा.

निपाणीचा पाव्हणा

झारागोझा घ्या. (तिथं झारागोझा म्हणू नका, समोरचा बघतच राहतोय. थारागोथा म्हणायचं.) बार्सिलोनाहून दीड तास, गाव सपाट, आईंना चालायला सोपं. एब्रो नदीकाठी पिलारचं देऊळ म्हणजे बासिलिका, आत तरुणपणी गोयानं रंगवलेला घुमट आहे, आणि १९३६ साली यादवी युद्धात वर पडून न फुटलेले दोन बॉम्ब तिथंच लावून ठेवलेत. आणि आईंना चर्च नको तर अल्हाफेरिया आहे, अकराव्या शतकातला मुसलमान राजांचा वाडा, आता तिथंच आरागोन प्रांताची विधानसभा भरतीय. रात्री एल तुबो नावाच्या बोळात खायला जायचं. गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त.

एक सावधगिरीचं. लांबच्या गाड्यांना बॅगा स्कॅन करतात आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद होतंय. मी एकदा आपल्या सवयीनं, गाडी उभी आहे म्हणजे अजून वेळ आहे असं म्हणत पाणी घेत बसलो. गेट बंद. गाडी काचेपलीकडं उभी दिसतीय आणि मी अलीकडं. बायकोनं त्यावर अजून काय सोडलं नाही मला.

टिळकवाडीकर

हाहा. म्हणजे झारागोझा? पण दीड तासात उतरलं तर पुढचा सगळा लांबचा प्रवास दुसऱ्या दिवशी राहतोय की.

खानापूरचा भटक्या

तेच म्हणणार होतो. उलटं करा. पहिल्या दिवशी लांबचा पल्ला, बार्सिलोना ते कोर्दोबा, साडेचार-पाच तास. दुसऱ्या दिवशी कोर्दोबा ते सेव्हिल फक्त पाऊण तास, म्हणजे गाडी चुकलीच तरी मागनं दुसरी असतीय.

आणि आईंच्या चर्चच्या अटीला कोर्दोबासारखं उत्तर नाही. मेस्किता म्हणजे मशीद, ७८५ साली अब्द अल-रहमान पहिल्यानं सुरू केली, पुढं दोनशे वर्षं वाढत गेली, आत ८५६ खांब. त्यातले पुष्कळ जुन्या रोमन इमारतींतनं आणलेले, ते बुटके पडले म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केलं, ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दुमजली कमान फोटोत बघितलीच असेल. १२३६ ला गाव ख्रिस्ती राजानं घेतलं आणि १५२३ पासनं बरोब्बर मधोमध कॅथेड्रल उभं केलं. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आणि साफा मशीद बघायला आपण चालत जातो, तिथं एकाच छताखाली दोन पावलांवर युग बदलतंय. आईंनी गोल घुमट बघितला असेल तर त्यांना हे नक्की रुचणार.

मुक्कामाचा खरा फायदा हा, की सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ आत फुकट सोडतात. त्या वेळेला ग्रुपवाले नसतात, खांबांच्या रांगांत आपलाच पायरव. सणवाराला बंद असतंय, साइटवर तारीख बघून घ्या. रात्री रोमन पुलावर जा, तो भाग सपाट आहे. अक्कांचा नियम इथंही लागू, रात्री गाव वेगळंच.

शहापूरची अक्का

पटलं. शाकाहाराचं सांगते, साल्मोरेखो म्हणून टोमॅटोचं गार दाट सूप देतात, वर हॅम आणि अंडं भुरभुरतात, तेव्हा आधीच "सिन हामोन, सिन वेवो" म्हणायचं. आणि तळलेल्या वांग्यावर काकवी घालून देतात! होय, उसाचीच काकवी. निपाणीकरांनी हे कसं सांगितलं नाही?

पण मेचा पहिला आठवडा म्हणालात ना? तेव्हा कोर्दोबात पात्यो उत्सव असतोय, लोक घरातले कुंड्यांनी भरलेले चौक बघायला उघडतात. सुंदर, पण हॉटेलं आधीच भरतात.

टिळकवाडीकर

आत्ताच बघितलं, मेस्किताच्या आजूबाजूला एक रूम शिल्लक नाही, जी आहे तिचा दर बघून बायको म्हणाली एवढ्यात टिळकवाडीत वर्षभर भाडं भरता येईल. स्टेशनजवळ एक मिळालं, तिथनं जुनं गाव चालत वीस-पंचवीस मिनिटं, आईसाठी टॅक्सी करू. चौक-कुंड्या ऐकल्यावर आई म्हणाली, चर्च राहू दे, ते बघायचं. बुक करून टाकलं. काकवीचं तिला अजून सांगितलं नाही.

निपाणीचा पाव्हणा

गेटवर दहा मिनिटं आधी.