रोजगार हमी: काम मागण्यापासून प्रशिक्षणापर्यंत, नेमकं कुठे अडतं?

ग्रामरोजगार सेवक, मेट (कामावरचे मुकादम), बँकेची कामं बघणारे, मनरेगाचा अनुभव सगळ्यांनी लिहा. ऐकीव नको, हाताखालून गेलेलं सांगा.

रोजगार सेवक
काम नुसतं तोंडी मागून थांबू नका. नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज भरा, तारखेची पोच घ्या. 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मा. पोच नसली की हे 15 दिवस कुठून मोजायचे हाच वाद, आणि भत्ता तिथेच बुडतो. काम 5 किलोमीटरच्या पलीकडे असेल तर 10 टक्के जादा मजुरी मागा.

मेट
मजुरी हजेरीवर नाही, मापावर निघते. सलग समतल चर (उतारावर पाणी अडवायला खणतात तो) 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. म्हणजे 10 मीटरला 1.8 घनमीटर. खोली 25 भरली तर दीडच घनमीटर, दिवसभर राबून मजुरी कमी! म्हणून 30 सेंमीवर खूण केलेली काठी चरात फिरवत राहा. मुरूम लागला की बुजण्याआधी तांत्रिक सहायकाला दाखवा. मऊ मातीचा दर लागला तर नंतर कोणी ऐकत नाही. बायांसोबत पाच लहान मुलं कामाच्या जागी आलेली असतील तर सांभाळायला एक बाई द्यावीच लागते, तिलाही मजुरी मिळते. हे मागायला कुणीही लाजू नये.

बँकेची कामं बघणारी
आधार खात्याला जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे वळवणाऱ्या संस्थेच्या) मॅपिंगला, म्हणजे आधारवर आलेले पैसे कुठल्या बँकेत जावेत त्या नोंदीला, जोडणं वेगळं. पैसे शेवटी मॅप झालेल्या खात्यात जातात. "मजुरी आली नाही" म्हणणाऱ्यांची दुसरी पासबुकं आधी भरून बघा. मस्टर (हजेरीपट) संपल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई.

प्रशिक्षणाबद्दल
'उन्नती'त, म्हणजे रोजगार हमीच्या मजुरांसाठीच्या कौशल्य प्रशिक्षणात, 100 दिवस भरलेल्या कुटुंबातली 18 ते 45 वयाची एक व्यक्ती बसते, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळतं. दिवस जॉबकार्डावर, म्हणजे कुटुंबाचे मोजतात. वेगळ्या झालेल्या मुलाचं नाव जुन्याच कार्डावर राहिलं, तर दोन चुलींत मिळून 100 दिवस आणि प्रशिक्षणाची जागाही एकच. वेगळं झाल्या झाल्या नवं कार्ड मागा. अर्जाची पोच इथेही हवीच.