मदत हवी आहे: स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या ‘कापितान हेनेराल’ला मराठीत काय म्हणावं?

तेंदियाचा दुसरा काउंट इन्यिगो लोपेस दे मेंदोसा (मृत्यू १५१५) याच्यावर चरित्रलेख चालू आहे. आजोबा, वडील, नातू तिघांचं नाव एकच, म्हणून सगळीकडे नुसतं ‘तेंदिया’ ठेवलंय.

अडलंय पदांपाशी. १४९२ मध्ये ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य स्पेनच्या राजाराणीला शरण आल्यावर तो तिथल्या आलाम्ब्रा या किल्ल्याचा ‘अल्काइदे’ झाला. त्याला ‘किल्लेदार’ चपखल बसतं. मूळ शब्दही अरबी ‘अल्-काइद’. पण तोच ग्रॅनडा राज्याचा ‘कापितान हेनेराल’ही होता: फौज, किनाऱ्याचा बंदोबस्त, गडांची डागडुजी त्याच्याकडे. शहराचा कारभार मात्र ‘कोरेहिदोर’ या राजाने नेमलेल्या मुलकी अधिकाऱ्याकडे आणि १५०५ पासून वरिष्ठ न्यायालयही ग्रॅनडातच.

‘सुभेदार’ लिहून पाहिलं, तर वाचक महसूल आणि न्यायही त्याच्याच हाती समजतो. ‘सरलष्कर’मध्ये प्रांत हरवतो, ‘राज्यपाल’ तर फारच आजचा वाटतो. पुढे ही पदं मुलगा लुईसकडे गेली, तरी नेमणूक राजाचीच. त्यामुळे ‘वतन’ही नको.

तळटीपा देता येणार नाहीत, आणि हाच शब्द १५३५ मध्ये नव्या स्पेनचा (मेक्सिकोकडच्या वसाहतीचा) व्हाइसरॉय झालेल्या दुसऱ्या मुलाच्या, आंतोनियोच्या, पदापासून वेगळा ओळखू यायला हवा. प्रांत आणि लष्कर दोन्ही सांगणारा, पण मुलकी अधिकार न सुचवणारा शब्द जुन्या मराठी कागदपत्रांत कुणाला आढळलाय का?