जळगावात राहून स्वतःची रिग (पॅराशूटचा पूर्ण सेट) घ्यावी का? स्कायडायव्हिंग करणाऱ्यांनी सांगा

तापीकाठ_जळगाव

राम राम मंडळी. मी जळगावचा, एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. मागच्या हिवाळ्यात थायलंडला जाऊन एएफएफ, म्हणजे उडी शिकायचा कोर्स, पूर्ण केलं, कमीत कमी 25 जंप लागतात त्या करून ए लायसन्स, म्हणजे एकट्याने उडायचं पहिलं लायसन्स, हातात आलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही थांबतच नाही, कामावर शिडी चढलो तरी मनात विमानातून बाहेर पडायची एक्झिटच चालू असते. आता दुबईतला एक जण त्याची जुनी रिग विकू राहिला. 2012 चा कंटेनर (पाठीवरची पिशवी), 190 चौरस फुटांचा मेन म्हणजे मुख्य छत्री, 176 चा रिझर्व्ह म्हणजे राखीव छत्री, सायप्रेससकट (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र). फोटोत चांगली दिसते. माझं वजन 78. नवीन पूर्ण सेट सात-आठ हजार डॉलरच्या घरात जातो आणि हा निम्म्याहून कमी सांगतोय, म्हणून मन ओढ घेतंय.

पण राहायचं जळगावात. जवळ डीझेड (उड्या मारायचं मैदान) नाही, लांबची सुट्टी वर्षातून दोनदा, घर वरच्या मजल्यावर आणि मे महिन्यात स्लॅब असा तापतो की रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. अशा घरात नायलॉन आणि ते यंत्र ठेवायचं कसं? आणि मधल्या महिन्यांत हात विसरू नये म्हणून तुम्ही घरी काय करता? आपल्या खान्देशातलं कोणी जंप करणारं असेल तर सविस्तर लिहा, इंग्रजीत वाचून माहिती भरपूर झाली पण आपल्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याचं कोणी सांगत नाही.

धुळेकर_दुबईत

भो, पहिले अभिनंदन. मी देवपूरचा, नोकरीला इकडे, सुट्टीचा दिवस डीझेडवरच जातो.

आधी त्या "सायप्रेससकट" चा निकाल लावू. त्याला युनिटवरच्या लेबलचा फोटो माग, तारीख दिसली पाहिजे. सायप्रेस-2 मध्ये जुन्या युनिटचं आयुष्य साडेबारा वर्षं आणि नंतरच्यांचं साडेपंधरा. कंटेनरसोबतच 2012 ला घेतलं असेल तर ते संपलेलं आहे, बटण दाबल्यावर चालू होत असलं तरी संपलेलंच. नवीन घ्यायला बाराशे-चौदाशे डॉलर धर, म्हणजे स्वस्त भाव तिथेच वर गेला. आणि यात काटकसर नको, मनापासून सांगतोय. माणूस बेशुद्ध झाला किंवा उंचीचं भान सुटलं आणि साधारण 750 फुटांवर अजून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगाने पडू राहिला, तर रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापून तो उघडणारं तेवढं एकच यंत्र पाठीवर असतं. जर्मनीच्या एअरटेकने 1991 ला ते आणलं तेव्हापासून किती माणसं घरी परत गेली आहेत.

आता मापाचं. तुझे 78 आणि रिग, हेल्मेट, कपडे धरून 12, झाले 90 किलो, म्हणजे 198 पाउंड. 190 च्या मेनवर लोडिंग (छत्रीच्या दर चौरस फुटाला किती पाउंड) 1.04 येतं, 210 वर 0.94. ए लायसन्सवाल्याला इन्स्ट्रक्टर लोक एकच्या आतच ठेवतात, आणि तू तर सहा-सहा महिन्यांनी येणार, तुला 210 च पाहिजे. त्याहून मला तो 176 चा रिझर्व्ह खटकतो, 1.12 होतं. रिझर्व्हखाली येशील तेव्हा आधीच काहीतरी बिघडलेलं असेल, उंची कमी उरलेली असेल, कदाचित खाली शेत नाही तर वाळवंट असेल, अशा वेळी लहान छत्री का म्हणून? हार्नेस, म्हणजे अंगावरचे पट्टे, कोणाच्या मापाचा शिवला तेही विचार. मेन बदलता येतो, हार्नेस अंगाला बसला नाही तर रिगरकडून (छत्र्या दुरुस्त आणि पॅक करणारा) नवा शिवून घ्यावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो.

आणि मुख्य गोष्ट. यूएसपीए, म्हणजे अमेरिकेची पॅराशूट संघटना, सांगते की ए लायसन्सवाला 60 दिवस उडला नाही तर त्याने इन्स्ट्रक्टरसोबत रिफ्रेशर करावा. बी ला 90 दिवस, सी-डी ला 180. म्हणजे तू दर वेळी पहिला दिवस रिफ्रेशरमध्येच घालवणार, आणि ती जंप बहुतेक ठिकाणी डीझेडच्याच रिगवर होते. वरून रिझर्व्ह रिगरकडून परत पॅक करून घ्यावा लागतो, अमेरिकेत 180 दिवसांची मुदत आहे, तू कपाटात नुसती ठेवलीस तरी दिवस मोजले जातातच. जळगावात रिगर नाही. म्हणजे प्रत्येक ट्रिपला आधी रीपॅकसाठी थांबणं आणि पैसे. म्हणून माझं मत, रिग आत्ता नको, तिथे भाड्याने घे. पैसे हातावरचा अल्टिमीटर, कानातलं ऑडिबल, अंगावर नीट बसणारं हेल्मेट आणि जंपसूट यात घाल. ऑडिबल कोणत्या उंचीला बोंबलतं ते कानात बसायला वेळ लागतो, ते उसनं घेऊन होत नाही. उरलेल्या पैशातून हैदराबादला जाऊन इनडोअर टनेलमध्ये (खालच्या वाऱ्यावर माणूस तरंगतो) वेळ घे, विमानातून उडी म्हटलं की फ्रीफॉल, म्हणजे छत्री उघडेपर्यंतचं पडणं, मिनिटभराचा, टनेलमध्ये दहा मिनिटं सलग शरीराला शिकायला मिळतात.

वरणगाव_माजी_सैनिक

पोरा, छान वाटलं वाचून. मी पॅरा, आग्र्याला ट्रेनिंग झालं. आमचं स्टॅटिक लाइनचं काम, म्हणजे विमानाला बांधलेली दोरीच छत्री उघडते, तुमचा खेळ वेगळा, पण हाताची सवय ही एकच गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. घरी काय करायचं विचारलं म्हणून सांगतो. जुनी शाळेची सॅक घे, पट्ट्या छातीवर घट्ट आवळ. उजव्या पट्ट्यावर, तुमच्या कटअवे हँडलच्या (बिघडलेला मेन सोडून देणाऱ्या) जागी, लाल कापडाची छोटी उशी वेल्क्रोने लाव. डाव्या पट्ट्यावर रिझर्व्हच्या जागी रुपेरी लोखंडी कडी. रोज सकाळी दात घासायच्या आधी दहा वेळा, उंची बघ, लाल बघ, लाल धर, रुपेरी बघ, मग लाल ओढ, रुपेरी ओढ, अंगाची कमान. एका हँडलला दोन्ही हात की एकेक हात, ते तुझ्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं तेच ठेव, नेटवर बघून बदलू नको. अर्धवट उघडलेली छत्री डोळ्यांसमोर आणून कर, नुसता हात हलवून उपयोग नाही. आणि अंगणात खाटेवरून पाय-गुडघे जोडून उतरायचं आणि कुशीवर लोळायचं, आठवड्यातून दोनदा तरी. तुमच्या चौकोनी छत्र्या हळू उतरवतात म्हणून पोरं हे सोडून देतात आणि घोटे मोडून घेतात. मला याची फार काळजी वाटते.

सातपुडा_शहादा

मी शहाद्याची, सध्या नाशिकला. दुबईच्या दादांचं बरंचसं पटलं पण भाड्याच्या रिगवर थोडं वेगळं म्हणणं आहे. माझं वजन 50. भाड्याच्या रिग मोठ्या पुरुषांच्या मापाच्या, 210 खाली माझं लोडिंग 0.65 येतं आणि जरा वारा असला की छत्री पुढे सरकतच नाही, तोंड वाऱ्याकडे केलं की मागे मागे जायला होतं. हार्नेस तर इतका ढिला की छत्री उघडली की छातीचा पट्टा हनुवटीला येतो. अशा माणसाने स्वतःच्या मापाची रिग लवकर घ्यावी, मी घेतली आणि त्याचा मला आनंद आहे. तापीकाठ दादांचं वजन मधलं आहे म्हणून त्यांना भाड्याची चालेल.

ठेवण्याचं सांगते. उन्हात अजिबात नाही, नायलॉनला ऊन खातं, गच्चीवर वाळत घालायचं तर स्वप्नातही नाही. गाडीच्या डिकीत पण नाही. सायप्रेसला कामाची मर्यादा 63 अंश दिलेली आहे आणि भुसावळ-जळगावच्या 45 अंशात बंद गाडी आतून तेवढी सहज तापते. घरात तळमजल्याची आतली खोली सगळ्यात चांगली, शहाद्याच्या घरी मी धान्याच्या कोठीच्या बाजूची खोली निवडली होती पण तिथे उंदीर, म्हणून जाड झाकणाच्या पेटीत ठेवते. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, इन्व्हर्टरची बॅटरी ज्या खोलीत आहे तिथे रिग ठेवू नका. बॅटरीच्या ॲसिडने नायलॉन सडतं आणि वरून दिसतही नाही. आपल्याकडे लोडशेडिंगमुळे घरोघरी इन्व्हर्टर, आणि तो नेमका त्याच कोपऱ्यात असतो जिथे आपण बॅगा ठेवतो.

विमान प्रवासात रिग हातातच ठेवायची, चेक-इन नाही. सायप्रेससोबत एक्स-रेचं कार्ड मिळतं ते बाहेरच्या खिशात, आणि सिक्युरिटीवाल्यांना उघडून बघायचं असेल तर शांतपणे म्हणायचं की मी दाखवते, हँडल ओढू नका. विम्याचंही वाचा, बऱ्याच अपघात पॉलिसीत असले खेळ वगळलेले असतात.

घरच्यांचं विचारलं नाहीत पण सांगते. 2018 ला शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून 13,000 फुटांवरून उडी मारली तो फोटो मी आईला दाखवला होता. आईने पहिला प्रश्न विचारला, पदर कुठे खोचला असेल? आणि तोच खरा प्रश्न आहे, सैल कापड हँडलवर आलं तर हात सापडत नाही. त्या दिवसापासून आई माझ्या जंपसूटची चेन, खिसे सगळं स्वतः तपासते.

चोपडेकर

मधेच विचारतो, माफी असावी. मी कधीच उडी मारलेली नाही पण हे सगळं वाचून लय इच्छा झाली. थायलंड वगैरे परवडणार नाही. जवळ काही आहे का?

सातपुडा_शहादा

चोपडेकर दादा, उज्जैन. मध्य प्रदेश टुरिझम हिवाळ्यात तिथे दताना धावपट्टीवर स्कायडायव्हिंग फेस्टिव्हल भरवतं, टँडेम असते, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून. तुम्हाला चोपड्याहून शिरपूर-सेंधवामार्गे सरळ हायवे आहे. तारखा दर वर्षी बदलतात, त्यांच्या साइटवर बघा. पोटभर जेवून जाऊ नका, पण उपाशीही नको. आणि बूट लेसचे घाला, चप्पल-सँडल चालत नाही.

तापीकाठ_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे विशेष, सॅक आजच शोधून काढली. विकणाऱ्याने लेबलचा फोटो पाठवला, ऑगस्ट 2012. त्याला नको म्हणून कळवलं. अल्टिमीटर आणि हेल्मेटचं ठरवतो. फक्त एक राहिलं, पॅकिंग. तिथे शिकलो पण रिगच नसेल तर हात कसा बसणार? तिथे पॅकरला पैसे देऊन उडत राहिलो तर ते कधीच येणार नाही असं वाटतं.

धुळेकर_दुबईत

बरोबर बोललास, पॅकिंग स्वतःचं स्वतः आलंच पाहिजे. त्यासाठी उडायची रिग लागत नाही. उडण्यासाठी बाद झालेले जुने मेन रिगर लोकांकडे पडून असतात, तसा मेन आणि जुना कंटेनर सरावाला पुरतो. त्यावर कधीच उडायचं नाही म्हणून मोठ्या अक्षरात मार्करने लिहून ठेवायचं. मी दिवाळीला धुळ्याला येतोय, इथल्या रिगरला विचारून ठेवतो, मिळाला तर घेऊन येतो आणि जळगावला चक्कर मारतो. हॉल मोकळा कर, सोफा भिंतीला. पंखा बंद ठेवावा लागेल, झेडपी कापड (हवा न झिरपणारं) वाऱ्याने सरकतं आणि हवा आतून निघत नाही, घामाघूम होशील पण त्याला इलाज नाही. लाइन सरळ केल्या, ब्रेक लावले, स्लायडर वर घेतला, इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मला तुझ्याकडून दोन गोष्टी करून घ्यायच्या आहेत. पायलट शूट (मेनला बाहेर ओढणारी छोटी छत्री) कॉक करायचं, आतली लाइन ओढून खिडकीत रंग दिसतो का ते बघायचं, दर वेळी, कारण ते राहिलं तर वर गेल्यावर पायलट शूट फुगतच नाही नीट. आणि क्लोजिंग लूप, कंटेनर बंद ठेवणारी दोरी. त्याचा एखादा धागा जरी सुटलेला दिसला तरी बदलायचा, दोन मिनिटांचं काम आहे, लूप आणि रबरबँड मी सोबत आणतो. काका, तुम्ही पण या वरणगावहून, सॅकवरचा सराव तुमच्यासमोर झालेला बरा.

वरणगाव_माजी_सैनिक

येतो. तारीख कळवा, सकाळची ठेवा, आणि त्याची खाट अंगणात काढून ठेवायला सांगा.