उंचीवरून मुलींना परत पाठवू नका

वर एका ताईंनी लिहिलंय की नाशकात मुली व्हॉलीबॉलकडे वळताहेत हे छान, पण बुटक्या मुलींनी त्यात वेळ घालवू नये. हे मला अजिबात पटत नाही. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरोची, म्हणजे फक्त बचाव सांभाळणाऱ्या खेळाडूची, जागा आहे: वेगळ्या रंगाची जर्सी, फक्त मागच्या फळीत खेळायचं, स्मॅश मारायचा नाही. समोरून आलेली जोरदार सर्व्हिस नीट उचलून सेटरच्या, म्हणजे स्मॅशरसाठी चेंडू उंच करून देणाऱ्या खेळाडूच्या, हातात देणं हे तिचं काम. तिथे चपळाई लागते, नजर लागते. पहिला पासच वाकडा गेला तर सहा फुटी स्मॅशर काय करणार? शिवाय महिलांची जाळी २.२४ मीटरवर असते, पुरुषांपेक्षा १९ सेंटीमीटर खाली.

एक चेंडू आणि एका जाळीवर बारा मुली खेळतात, म्हणून साध्या शाळेलाही हा खेळ परवडतो. खरी अडचण वेळेची आहे. क्लास सुटेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. सिडको, पंचवटीतल्या मैदानांवर दिवे आणि मुलींसाठी कपडे बदलायला खोली, एवढं आपण सगळे मिळून नगरसेवकांकडे मागू या. अर्ज लिहायला मी तयार आहे.