तिथलला तीन वीकेंडचा फेस्टिवल, दरवर्षी टिकेल असा कसा करायचा?

दांडियाबाजारकर:
मंडळी, आम्ही बडोद्यातले आठ-दहा जण वलसाडजवळच्या तिथल बीचवर डिसेंबर-जानेवारीत सलग तीन शनिवार-रविवार कार्यक्रम करायचं म्हणतोय, दिवसा वाळूत खेळ आणि चित्रांचं वर्कशॉप, रात्री गाणी, गरबा, खाणं. एकदाच होऊन संपलं असं नकोय, दरवर्षी लोकांनी वाट बघावी. गुजरातेत दारूबंदी, मग रात्रीला रंग कसा चढणार असं मित्र म्हणतात, पण नवरात्रात नऊ रात्री माणूस मैदानातून हलत नाही ना! तारखा, आवाज, परवानगी याचा कुणाला अनुभव? स्टेजचा अ‍ॅडव्हान्स याच आठवड्यात द्यायचाय.

खारीवाव_काका:
अ‍ॅडव्हान्स थांबव रे. आधी भरतीचं टेबल काढ. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या शनिवारी सातला ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी सातला भरती. सलग वीकेंड घेतलेस तर दर वेळी मांडणी बदलावी लागेल, त्यापेक्षा एक आड एक घे, १४ दिवसांनी वेळ जवळपास तीच येते. आणि पौर्णिमेला स्वतः जाऊन वाळूवरची ओली रेघ बघ, स्टेज तिच्या वरच. आमच्या मंडळाने एकदा तिकडच्याच एका बीचवर दुपारी चारला खुर्च्या मांडल्या, पाणी दिसत पण नव्हतं, साडेनऊला पुढच्या दोन रांगा पाण्यात, आजी-आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. जनरेटरची केबल भिजलेली बघून पोटात गोळा आला होता.

रावपुरा_ताई:
ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात एकूण १५ च दिवस, त्यातले बरेच नवरात्रातच जातात. तेव्हा दहाला माइक बंद धरूनच चाला. किनाऱ्याला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, लागतात, वाळूवर पक्कं काही नको.
दहानंतर खाणं ठेवा ना! थंडीत तिकडे उंबाडियुं करतात, मडक्यात पापडी, कंद, रताळी, हिरवा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ, आपल्या कोकणातल्या पोपटीचं सख्खं भावंडच. मडकं उघडलं की जो वास सुटतो, लोक आपोआप गोल करून बसतात. पण ते तिथल्याच लोकांना करू द्या, बडोद्याहून केटरर नेऊ नका. गावाच्या हाताला काम मिळालं तरच पुढच्या वर्षी गाव तुम्हाला बोलावेल.

दांडियाबाजारकर:
काका, अ‍ॅडव्हान्स थांबवला. एक आड एक घेतलं की उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, वीकेंड पण सोडता येईल, तेव्हा गच्ची सोडून कोण येतंय. ताई, मडकीवाल्यांशी बोलायला रविवारी सकाळच्या गाडीने वलसाडला जातोय, तुम्ही याल का सोबत?